दारावरचा कागद

"देखणा होता हो गडी," डोन्का म्हणाली. मी वर बघितलं, तर दारावरच्या कागदात माझा भाऊ होता.

डोन्काला असे कागद वाचल्याशिवाय पुढे जाववत नाही. गाब्रोवोत आमच्या बिल्डिंगच्या दाराशी काळ्या चौकटीचा नवा कागद लागला, की पिशव्या खाली ठेवून ती आधी फोटो बघते, मग वय, मग शोकाकुल कोण कोण ते, आणि शेवटी स्वतःच्या वयाशी ताडून बघते. मेल्याचा कागद, चाळीस दिवसांचा, सहा महिन्यांचा, वर्षाचा, तिला सगळ्या बिल्डिंगचे पाठ. प्लोवदिवला फिरायला आलो म्हणून सवय थोडीच सुटते. जुन्या शहराचा चढ, दोन्ही बाजूंनी घरांचे वरचे मजले गल्लीवर वाकलेले, स्नेझाना नकाशा उलटासुलटा करत उभी, आणि डोन्का त्या हिरव्या फाटकासमोर कमरेवर हात ठेवून वाचतेय. "मानोल. एकाहत्तर. सहा महिने झाले. काही वय आहे का गं हे जायचं?" मी म्हटलं, "नाही." माझा आवाज मला नेहमीसारखाच ऐकू आला. त्याचंच मला मग दिवसभर नवल वाटत राहिलं.

फोटो कुणाच्या तरी लग्नातला असावा, कारण मानोल एरवी गळ्याशी बटण लावायचा नाही. केस पांढरे झाले होते. ते मला माहीत नव्हतं. मी अकरा वर्षं मनात ज्याच्याशी भांडत होते तो काळ्या केसांचा होता. तीस वर्षं मी कापडगिरणीत तपासनीस होते. कापडाच्या ताग्यावर नुसता हात फिरवला की जिथे धागा तुटलाय तिथे बोट थांबायचं, बाकीचं चांगलं कापड मला दिसायचंच नाही. त्या कागदावरही तसंच झालं. शोकाकुल, पत्नी किना, मुलगा, सून, नात. बहीण नाही. मी दोनदा वाचलं. बहीण नाही. खालच्या ओळीत नसेल म्हणून खालची ओळ बघितली, तिथे छापखान्याचा फोन नंबर होता. सहाव्या महिन्याच्या कागदाखालून चाळीस दिवसांच्या कागदाचा कोपरा दिसत होता, त्याच्याखाली पहिला, पावसाबर्फाने पिवळा पडलेला. तिन्ही एकावर एक. म्हणजे डिसेंबरात गेला. डिसेंबरात मी काय करत होते? आमच्या पेन्शनरांच्या क्लबात नाताळाच्या गाण्याची तालीम, मधला सूर लागत नाही म्हणून गाणं बसवणाऱ्या सोनियाबाईंशी माझं वाजलं होतं. तो मरत होता आणि मी सुरावरून भांडत होते. मला कुणी कळवलं नाही. का कळवावं?

"चला गं," स्नेझाना म्हणाली, "नाट्यगृहात ऊन चढायच्या आत जायला हवं." ती वाचनालयात नोकरीला होती, तिला सगळं वेळेत आणि क्रमाने लागतं. फाटकाला कडी होती, आतून कसलाच आवाज नव्हता. आज मृतांचा शनिवार, चेरी पिकल्यावर येतो तो. घरचे सगळे कबरीवर असणार. गहू उकडून, साखर घालून, मेणबत्त्या घेऊन. सकाळी बसमध्ये डोन्काने त्यावरून कटकट केलीच होती, की आज शहाणीसुरती माणसं आपल्या माणसांना भेटायला जातात आणि आपला क्लब सहल काढतो. "मी माझ्या म्हाताऱ्याला कालच जाऊन सांगून आले," ती म्हणाली, "म्हटलं, उद्या मी नाही, तुझं तू बघ. तसंही जिवंतपणी शनिवारी तू कुठे घरी असायचास." सगळी बस हसली. मीही हसले. क्लबाने सहलीसाठी दोन गावं पुढे ठेवली तेव्हा प्लोवदिवसाठी पहिला हात माझा वर गेला होता, हे कुणाच्या लक्षात नव्हतं. माझा बेत साधा होता. कोपऱ्यावरच्या जुन्या हवेलीच्या संग्रहालयात ह्या दोघींना घुसवायचं, पाय दुखतो म्हणून बाहेर थांबायचं, आणि तेवढ्यात ह्या फाटकाशी येऊन कडी वाजवायची. पुढे काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. बसमध्ये तीन तास ठरवत होते. घाट उतरेपर्यंत एक वाक्य जुळलं होतं, 'मानोल, मी चुकले,' आणि ते मला एवढं लहान वाटत होतं की त्याच्या पुढेमागे काही जोडावं म्हणून मी खटपट करत होते. सगळं वाक्य तसंच उरलं.

ह्या दोघींना का सांगितलं नाही, असं कुणीही विचारेल. मी ह्यांना पहिल्याच दिवशी सांगून बसले होते की मी एकुलती एक. पेन्शन झाल्यावर मी क्लबात गेले, डोन्काने कॉफी पुढे सरकवली आणि विचारलं, "भाऊबहीण?" मी म्हटलं, "कुणी नाही." तेव्हा आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि खरोखर मला तसंच वाटत होतं. पुढे डोन्का तिच्या चार बहिणींचे किस्से सांगायची, स्नेझाना तिच्या भावाला पार्सलं पाठवायची, आणि मला म्हणायच्या, "तुला काय कळणार गं, तू एकटी वाढलेली." मी मान डोलवायची. खोटं एकदा बोललेलं असतं, पण ते रोज चालवावं लागतं. सहा वर्षांपूर्वी एकदा डोन्काने माझ्या एकटेपणाची कीव येऊन मला तिच्या धाकट्या बहिणीच्या घरी ईस्टरला नेलं. तिथे त्या पाच जणी एकमेकींच्या ताटातलं उचलून खात होत्या. मी त्या दिवशी दोनदा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

नाट्यगृहाच्या दगडी पायऱ्या तापायला लागल्या होत्या. आम्ही तिघी मधल्या रांगेत बसलो. खाली स्टेजवर परदेशी पोरं फोटो काढत होती, पलीकडे डोंगर निळे. "इथे कुजबुजलं तरी वरच्या रांगेला ऐकू जातं," स्नेझाना म्हणाली. "मग हिला खाली सोडू नका," मी म्हटलं, आणि डोन्काने मला कोपर मारून लगेच खाली जाऊन गाणं सुरू केलं, तिच्या गावचं, कापणीचं. आवाज खणखणीत आहे तिचा. पोरांनी टाळ्या दिल्या. ती वर बघून हात हलवत होती, "वेनेता, ये की, दुसरा आवाज तुझा." मी नको म्हटलं. ह्या दगडांवरच्या मातीत मी आणि मानोल खेळलोय. आमच्या लहानपणी इथे नुसता घसरण्याचा उतार होता, झाडोरा, कचरा, आणि माती सरकली की एखादा पांढरा दगड बाहेर यायचा. मानोल म्हणायचा, खाली राजाचं घर आहे. मग माणसं आली, कुदळी आल्या, खरोखर खाली एवढं मोठं काहीतरी निघालं, आणि तो महिनाभर गल्लीत ताठ मानेने फिरत होता, हे त्यानेच सांगितलं होतं म्हणून. मी सहा वर्षांची, तो अकराचा. माझा पाय मुरगळला तेव्हा त्याने मला इथून घरापर्यंत पाठीवर नेलं होतं आणि सगळी वाट शिव्या घातल्या होत्या, जड आहेस, भोपळा आहेस, पुन्हा आणणार नाही. दुसऱ्या दिवशी आणलंच. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण डोन्का गात होती आणि पोरं टाळ्या वाजवत होती, आणि मी एकुलती एक होते.

आईची शेवटची चार वर्षं माझ्याकडे गेली. आमच्या जुन्या घरात मानोल राहायचा, पण ते लहान, जिना चढायचा, किनाची नोकरी, आणि मी मुलगी, तेव्हा गाब्रोवोत. हे सगळं बोलून ठरलं होतं, भांडण नव्हतं. तो महिन्यातून एकदा यायचा, मग दोन महिन्यांतून, मग सणाला. टोपी मांडीवर घेऊन वीस मिनिटं बसायचा. आई त्याला वडिलांच्या नावाने हाक मारायची आणि विचारायची, गिरणीचा भोंगा झाला का. तो हो म्हणायचा, उठायचा आणि जिन्यात जाऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहायचा. मी वरून बघायची. मला दया यायला हवी होती. मला राग यायचा, की रडायला जिन्यात जातोस, इकडे चादर कोण बदलणार? पण खरं कारण तेही नाही. आज एवढ्या वर्षांनी उन्हात त्या दगडावर बसून मी ते स्वतःशी सरळ कबूल केलं. आई रोज सकाळी डोळे उघडले की विचारायची, "मानोल आला का?" मी चमचा तिच्या तोंडाशी धरून उभी असायची. "मानोल आला का?" चार वर्षांत एकदाही तिने विचारलं नाही, की वेनेता कुठे आहे. मी समोरच होते, मग कशाला विचारील, असं शहाणपणाने मला कुणीही सांगितलं असतं. मी ते स्वतःलाही सांगितलं होतं. पण चार वर्षं दुसऱ्याचं नाव ऐकत माणूस म्हाताऱ्या आईचे पाय पुसतो ना, तेव्हा शहाणपण उपयोगाला येत नाही.

ती गेली त्या दिवशी मी छापखान्यात गेले. काउंटरवरच्या बाईने मजकूर लिहून घेतला, वय, तारीख, प्रार्थना किती वाजता. मग पेन टेकवून म्हणाली, "शोकाकुल कोण घालू?" मी म्हटलं, "मुलगी वेनेता. नात, माझी मुलगी." "आणखी कुणी?" तिने विचारलं. अशा वेळी विसरतात माणसं, म्हणून त्या दोनदा विचारतात. मी तिच्या मागच्या भिंतीवरच्या नमुन्यांकडे बघत म्हणाले, "नाही." दोन सेकंदांचं काम. मग आमची रीत म्हणजे माणूस जिथलं असेल तिथल्या दारावरही कागद लागायला हवा. आईचं दार प्लोवदिवचं, हिरवं फाटक, तिथे तेव्हा मानोल राहत होता. मी दहा कागद बसच्या ड्रायव्हरकडे दिले, शेजारच्या म्हाताऱ्या लावकोला निरोप धाडला, आणि त्याने बिचाऱ्याने न वाचता फाटकावर एक, कोपऱ्यावर एक, चर्चपाशी एक असे सगळे चिकटवून टाकले. मानोल तेव्हा गाब्रोवोला यायला निघत होता. स्वतःच्या फाटकावर स्वतःच्या आईचा कागद त्याने बघितला, त्यात तो नव्हता. तो आला. माझ्या समोरून चर्चमध्ये गेला, सगळ्यांत मागे उभा राहिला, आईच्या कपाळाला ओठ लावले, आणि जेवायला न थांबता गेला. मला वाटलं होतं तो भांडेल. मी भांडणाची तयारी करून ठेवली होती, चार वर्षांची. त्याने ती माझ्याजवळच ठेवली.

चाळीस दिवसांनी किनाचा फोन आला. एवढंच म्हणाली, "त्याने तो कागद काढलेला नाही. गल्लीतला प्रत्येक जण विचारतो. रोज त्याच्या शेजारून कामाला जातो, रोज येतो. एवढं तुला सांगायचं होतं." आणि ठेवला. ते कागद कुणी फाडत नसतं. ऊनपाऊस काय करायचं ते करतात. त्यालाही फाडता आला असता, त्याच्याच दाराचा होता, पण आईचा फोटो होता त्यात. त्या दिवशी गाडी पकडून आले असते तर? तेव्हा म्हटलं, थोडं थंड होऊ दे. मग म्हटलं, ईस्टरला जाऊ. मग त्याने फोन करावा असं मला वाटायला लागलं. मग एक वर्ष झालं, आणि एक वर्ष झाल्यावर जाऊन काय सांगायचं ते कळेना, दोन झाल्यावर तर अजिबातच. अकरा वर्षं अशीच झाली.

दुपारी आम्ही खालच्या बाजारपेठेत जेवलो. काकडीचं थंड ताक, भाजलेल्या मिरच्या, ब्रेड. डोन्काने वेटरला विचारलं, की पाव उरला तर बांधून देशील का, आणि तो म्हणाला, "गाब्रोवोच्या दिसता मावशी." "का रे, आमच्या मांजरांना शेपट्या नसतात म्हणून ओळखलंस?" ती म्हणाली. आम्ही गाब्रोवोची माणसं चिक्कू म्हणून देशभर बदनाम आहोत, दार चटकन लागून ऊब वाचावी म्हणून मांजराची शेपटी कापतो म्हणे, आणि डोन्का ती बदनामी झेंड्यासारखी मिरवते. स्नेझानाने माझ्याकडे बघितलं. "तू काही खात नाहीस." "ऊन लागलं." "चेहरा उतरलाय तुझा. बसपाशी जाऊन बसायचं का?" तिचा हात माझ्या मनगटावर होता, कोरडा, हलका. मी तेव्हा सांगू शकले असते. शब्द तोंडात आले होते. पण त्यासाठी आधी हे सांगावं लागलं असतं, की अकरा वर्षं तुमच्याशी मी खोटं बोलले, तुमच्या पाच बहिणींच्या ईस्टरला जेवले, तुमची कीव खाल्ली. आणि ते सांगून मेलेला भाऊ परत यायचा होता का? मी म्हटलं, "बसपाशी नको. वरून एकदा शहर बघू, मग जाऊ." स्नेझाना म्हणाली, "बस पाचला आहे." मी म्हटलं, "माहीत आहे."

वरून, जुन्या तटाच्या दगडांवरून, नदी दिसते, नवी घरं दिसतात, टेकड्या दिसतात. लिंडनच्या झाडांच्या फुलांचा वास इथपर्यंत येत होता. गावातल्या पोरी गिटार घेऊन बसल्या होत्या. इथल्या माणसांना घाई म्हणून माहीत नाही. मानोल तसाच होता. आई म्हणायची, घराला आग लागली तर हा आधी कॉफी संपवील. मी गेले गाब्रोवोच्या गिरणीत, नवऱ्यामागे, आणि मला तिथली घाई चिकटली, तपासणी चिकटली. तटावर बसून मी खाली हिरवं फाटक कुठे ते शोधत होते. छपरंच दिसत होती. सकाळपासून माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की आता जाऊन काय करायचं? माफी ज्याची मागायची तो कबरीत आहे. उरली किना. तिच्यासमोर जायचं तर काय म्हणून? नणंद म्हणून की फिरायला आलेली बाई म्हणून? आणि नाही गेले, तर ह्या गावात पुन्हा मी कधी येणार? मला सहासष्ट वर्षं झाली. वर्षाचा कागद डिसेंबरात लागेल, तोही मी बघणार नाही. असं वाटलं, की निदान त्या दारात एकदा उभं राहावं आणि 'मी आले होते' एवढं तरी कुणाला तरी सांगावं. चार वाजले होते. मी उठले आणि म्हटलं, "त्या सकाळच्या गल्लीतून उतरू. तिकडून जवळ पडतं." जवळ पडत नाही, लांब पडतं. स्नेझानाने नकाशाकडे बघितलं आणि घडी घालून तो पिशवीत ठेवला.

गल्लीत शिरलो तेव्हा फाटक उघडं होतं. दाराशी एका स्टुलावर मोठं पातेलं, त्यावर फडकं, शेजारी चेरींची टोपली, आणि काळ्या कपड्यांतली एक बुटकी बाई येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात कागदी पेला देत होती. किना. एवढीशी झाली होती. मला आठवणारी किना उंच होती. पाठीमागे अंगणात भांडी घासल्याचा आवाज होता, आणि कुणीतरी बाई "आई, झाकण कुठे ठेवलंस" असं विचारत होती. मी मागे राहिले. डोन्का पुढे झाली, कारण गहू दिसला की ती पुढे होतेच. किनाने तिला पेला दिला, वरती दालचिनी, साखर, अक्रोड, चमचा खोचलेला. मग मूठभर चेरी. असं देताना घेणाऱ्याने आभार मानायचे नसतात. डोन्का म्हणाली, "देव त्याला क्षमा करो. कुणाच्या नावाने?" किना म्हणाली, "मानोलच्या. माझा नवरा." "हो हो, सकाळीच वाचला आम्ही कागद," डोन्का म्हणाली. "देव मानोलला क्षमा करो. देखणा होता."

"होता," किना म्हणाली. स्नेझानाला पेला दिला. तिनेही म्हटलं. मग माझी पाळी. किनाने पेला भरला, फडकं नीट केलं, आणि पेला माझ्या हातात देताना तिचे डोळे माझ्यावर आले. कोरडे, तपकिरी, शांत. माझे केस पिकलेत, अंग सुटलंय, चष्मा लागलाय. ओळखलं की नाही मला कळेना. सकाळपासून जुळवलेलं एक वाक्य होतं माझ्याजवळ, नाव बदलून तेही चाललं असतं. 'किना, मी चुकले.' पेला गरम नव्हता तरी हाताला चटका बसल्यासारखं झालं. मी म्हटलं, "देव मानोलला क्षमा करो." त्याचं नाव मी अकरा वर्षांत मोठ्याने उच्चारलं नव्हतं. किना हलली नाही. तिने विचारलं, "तुम्ही ओळखत होतात त्यांना?"

डोन्का माझ्या उजवीकडे चेरीची बी थुंकत होती. स्नेझाना डावीकडे. दोघी माझ्याकडे बघत होत्या, नुसत्याच, प्रश्न विचारला की माणसं बघतात तशा. मी म्हटलं, "नाही." आणि मग, जणू तेवढं पुरेसं नव्हतं म्हणून, "आम्ही गाब्रोवोच्या. शहर बघायला आलोय." किनाने मान हलवली. पातेल्यावर फडकं घातलं. मी दुसऱ्यांदा त्याला पुसून टाकलं होतं, ह्यावेळी त्याच्या दारात उभी राहून, त्याच्याच नावाचा गहू हातात घेऊन. माझ्या हातातला पेला कलला आणि साखरेचा गोळा काठावरून रस्त्यावर पडला.

किनाने पातेलं उचललं. फाटकात गेली, ते आत ठेवलं, मग टोपली, मग स्टूल. मग फाटक लोटता लोटता म्हणाली, "दोन्ही हातांनी धर, वेनेता. सांडतंय."

फाटक बंद झालं. कडी पडली.

आम्ही तिघी उभ्या होतो. डोन्काचं चावणं थांबलं होतं. स्नेझाना हळूच म्हणाली, "इथे आम्ही कुणीच तुला नावाने हाक मारली नव्हती." "वेनेता," डोन्का म्हणाली, आणि एवढ्या वर्षांत तिचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली आलेला ऐकला, "कोण आहे ती?"

"माझी वहिनी."

डोन्काने फाटकाकडे बघितलं, मग कागदाकडे. मानोल गळ्याचं बटण लावून आमच्याकडे बघत होता. ती जवळ गेली. नेहमीसारखी तिने शोकाकुलांची ओळ बोट ठेवून वाचली, आता शब्द शब्द, शाळेतल्या पोरासारखी. पत्नी. मुलगा. सून. नात. बोट शेवटाला येऊन थांबलं. "भाऊ तुझा?" ती म्हणाली. "सख्खा?" मी मान डोलवली. "मग ह्यात तुझं नाव का नाही?" तिचा आवाज चढला. बिचारी डोन्का, तिला माझ्या बाजूने राग आला होता, अजूनही. "काय माणसं आहेत. बहिणीचं नाव घालत नाहीत? असं करतं का कुणी?"

कडी पडल्याचा आवाज मी ऐकला होता. पण त्यानंतर अंगणातल्या फरशीवर पावलं वाजली नव्हती. फाटकाच्या फळीखालच्या फटीतून काळ्या चपलांची टोकं दिसत होती, हलत नव्हती. साडेचार झाले होते. मी पेला दोन्ही हातांनी धरला, फाटकाकडे तोंड केलं, आणि पलीकडे नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "करतं. मी केलं होतं. आईच्या कागदावर मी त्याचं नाव घातलं नव्हतं."